हरणाऱ्या संघाचं सीझन तिकीट

लेका, यंदा सीझनचं तिकीट पुन्हा काढायचं की नाही, असं तू विचारलंस. गेल्या हंगामात आपला फुटबॉल संघ ज्या रीतीनं हरत गेला ते बघता प्रश्न रास्त आहे. चौकात विचारलंस तर दोनच उत्तरं मिळतील. पेठेचा असशील तर तिकीट काढशीलच, हे एक. आणि हरणाऱ्यांच्या मागं पैसे घालायला वेड लागलंय का, हे दुसरं. या दोन्हींत तुझा विचार कुणी केलेला नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यातनं जे कळलं ते सांगतो. घरातही वाचून दाखव, पैसा घरातला आहे.

हरल्याच्या रात्री काही ठरवायचं नाही. ‘आता स्टेडियमची पायरी चढणार नाही’ असं त्या रात्री सगळेच म्हणतात. याच्या उलटही जप. शेजारच्या पेठेला एकदा टायब्रेकरवर हरवलं की अंगावरचा गुलाल धुवायच्या आत पोरं पैसे भरून मोकळी होतात, आणि महिन्याभरानं तेच तिकीट खिशात घेऊन घरी बसतात. शेवटची तारीख विचारून घे, लिहून ठेव. जुन्या तिकीटवाल्यांना आधी संधी आहे का, तीच जागा मिळते का, एकदा सोडलं तर पुढच्या वर्षी रांगेत मागं जावं लागतं का, एवढं त्याच फेरीत विचार. मग तारखेच्या दोन दिवस आधी निवांत बस.

बसलास की पहिल्यांदा गेल्या वर्षाचा हिशेब काढ. संघाचा नव्हे, तुझा. किती सामन्यांना खरंच गेलास? फोनमध्ये फोटो असतील, पार्किंगचे पैसे फोनवरनंच दिलेले असतील, ते बघून मोज. आठवणीवर जाऊ नकोस, आठवण नेहमी जास्तच सांगते. समज, सबंध हंगामाचे 1500 रुपये आहेत आणि दारावरचं तिकीट 100 रुपये. म्हणजे पंधरा सामने बघितलेस तर पैसे फिटले. बारालाच गेला असशील तर तीनशे रुपये तू जागेच्या खात्रीसाठी दिलेस. आता हे लक्षात घे, की संघ हरत असतो तेव्हा खात्रीची किंमत उतरते. दारावर तिकीट सहज मिळतं, मधली चांगली जागा मिळते. त्यामुळे नुसत्या रुपयांच्या गणितात हरणाऱ्या वर्षी सीझन तिकीट बहुतेक वेळा तोट्याचंच दिसणार. हे मान्य करूनच पुढं जाऊ, उगाच नफा दाखवायचा प्रयत्न करू नकोस.

पण कोल्हापूरचं गणित गोव्या-मुंबईसारखं नाही. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) निम्मे सामने परगावी, तिथलं सीझन तिकीट घरच्या मैदानापुरतं. आपल्याकडं सगळे संघ एकाच मैदानावर खेळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) 1940 ची, आणि तिच्या लीगच्या वरिष्ठ गटात 16 संघ. दिवसाला बहुधा दोन सामने. आपला संघ खाली असला तरी त्याच पायरीवर बसून तुला पाटाकडील दिसतं, शिवाजी दिसतं, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी सगळे दिसतात. तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचार: आपला सामना दुसरा असेल तर पहिला बघायला तू वेळेवर येतोस का? आपला पहिला असेल तर शिट्टी वाजल्यावर दुसऱ्यासाठी थांबतोस का? थांबत असशील तर आपल्या पेठेच्या हारजितीनं तुझं तिकीट वाया जात नाही, डोळे झाकून काढ. आपला सामना संपला की गाडीला किक मारत असशील तर तू फुटबॉलचा नाहीस असं मी म्हणणार नाही, पण सीझन तिकीट तुझ्यासाठी नाही. दारावरचं घे.

आणखी एक. तिकिटात काय काय येतं ते छापलेलं वाच. लीग वेगळी आणि त्यानंतरच्या चषक स्पर्धा वेगळ्या. मैदान तेच असलं तरी स्पर्धा भरवणारे निराळे, तिकीटही निराळं असू शकतं. फायनलच्या दिवशी दारात हुज्जत घालणारी बरीच माणसं हे न वाचलेली असतात.

आता मुद्द्याचं. हरणं हरणं सारखं नसतं. नुसता गोलफलक बघून संघाचं भविष्य सांगता येत नाही. शेवटची वीस मिनिटं बघ. एका गोलनं मागं असताना बॅकलाइन वर सरकते का, की तिथंच खिळून राहते? गोल खाल्ल्यावर चेंडू जाळ्यातून उचलून सेंटरला कोण पळत नेतो? कमरेवर हात ठेवून एकमेकांकडं बोट दाखवणारे किती? बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणारा त्याच्या हाताला हात लावतो का, की मान फिरवून डगआउटकडं जातो? 3-0 नं हरलेला संघ कधीकधी 1-0 नं हरलेल्यापेक्षा धड असतो. तीन-चार पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतील, पहिलाच मोठा हंगाम असेल, तर ती हरणारच. ती पुढच्या वर्षी तीच चूक करत नाहीत.

हंगामाआधी केएसएकडं खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा संघ चालवणाऱ्या तालमीतालमीत धावपळ असते. त्या दिवसांत कान उघडे ठेव. कोण आपला संघ सोडून गेला आणि कोण राहिला, हे सगळ्यात खरं प्रगतिपुस्तक. मोठ्या नावाचा बाहेरचा खेळाडू आला म्हणून हुरळून जाऊ नकोस. परदेशी खेळाडू आता आपल्याला नवे नाहीत, त्यातले काही फार चांगले खेळतात, पण एका माणसानं अकरा जणांचा संघ होत नाही. मी बघतो ते हे, की तालमीच्या पोरांतली किती पोरं राहिली. अकरांत गल्लीतली सहा-सात असतील तर आशा आहे.

आणि एकदा सकाळी सहाला उठून सरावाला जा. गांधी मैदान असो की कुठलं, आपला संघ जिथं सराव करतो तिथं. कुणाला न सांगता कडेला उभा राहा. हरणाऱ्या संघाच्या सरावाला किती जण येतात, वेळेवर कोण येतो, कोच ओरडतो तेव्हा पोरं ऐकतात की हसतात, बूट काढून झाल्यावर घोळका करून बसतात की एकेक निघून जातो. अर्ध्या तासात तुला जे कळेल ते सबंध हंगाम गॅलरीत बसून कळत नाही.

बाहेरची दोन-तीन उदाहरणं देतो, तुझ्या मित्रांनाही सांग. एफसी गोवा 2015 ला आयएसएलच्या फायनलला गेला आणि 2016 ला आठ संघांत शेवटचा आला. फातोर्ड्यात, गोव्याच्या घरच्या मैदानावर, ज्यांनी तेव्हा हात झटकले, त्यांना पुढच्या हंगामात स्ट्रायकर कोरोचा खेळ हुकला. 2017-18 मध्ये त्यानं 18 गोल केले, संघ उपांत्य फेरीत गेला, आणि 2019-20 ला साखळीत पहिला आला. पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. विजेतेपद मिळालं ते दहाव्या हंगामात, 2024 च्या मार्चमध्ये. ही झाली थांबलेल्यांची बाजू. दुसरी बाजूही ऐक. एफसी पुणे सिटीनं तीन हंगाम वाट बघायला लावली, 2017-18 ला पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली, आणि 2019 मध्ये क्लबच बंद झाला. बालेवाडीला नेमानं जाणाऱ्या माणसांचा यात काय दोष? म्हणून व्यावसायिक क्लबचं सीझन तिकीट काढायचं असेल तर मैदानावरच्या निकालाआधी मालक कोण, पैसा कुणाचा, हे बघ. लीग वेळेवर भरणार का तेही बघ. 2025 ची आयएसएल ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. सामने झाले नाहीत तर पैसे परत मिळतात का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं असतं.

तालमीचं तसं नाही. तालमीचा मालक नाही. फुटबॉल यायच्या आधीपासून तालमी लाल मातीवर उभ्या आहेत, संघ खालच्या गटात गेला तरी तालीम कुठं जात नाही. त्यामुळे आपल्याकडं प्रश्न संस्था टिकेल का हा नसतो. तुझा वेळ आणि पैसा कुठं लागावा, एवढाच असतो.

आणि प्रेमाचा तिकिटाशी संबंध जोडू नकोस. कोल्हापुरात अर्जेंटिनावाले किती आहेत तुला ठाऊक आहे. 2014 ला विश्वचषकाची फायनल हरले, 2015 आणि 2016 ला कोपा अमेरिकाची फायनल हरले, तरी 2022 ला पेठापेठांत मेस्सीचे कटआउट उभे राहिलेच. त्यांतल्या कुणी ब्युनोस आयर्सचं तिकीट काढलं नव्हतं. या वर्षी सीझन तिकीट नाही काढलंस म्हणून तू पेठेचा राहत नाहीस, असं कोण म्हणालं तर त्याच्याशी वाद न घालता चहा पाज.

तुला पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट माहीत आहे, पण पैशाच्या बाजूनं एकदा बघ. 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. पदक नव्हतं. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, आणि 1952 ला ब्राँझ आलं. या गावानं हरलेल्या माणसामागं पैसा उभा केलेला आहे, हे खरं. पण खर्डेकरांनी तो पैसा खेळाडूच्या प्रवासाला दिला, स्वतःच्या बसायच्या जागेला नव्हे. तेव्हा हात आखडता असेल आणि दोन्हींतलं एकच जमत असेल, तर तिकीट सोड आणि तालमीची वर्गणी दे. त्या वर्गणीतनं पोरांचे बूट येतात, सामन्याच्या दिवसाचं खाणं येतं, कुणाचा गुडघा गेला तर डॉक्टरची फी जाते. हरणाऱ्या वर्षी वर्गणी आटते, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते.

हप्त्यावर तिकीट काढायचं नाही, उसने घ्यायचे नाहीत. घरात न सांगता काढायचं नाही. दोघा मित्रांत एक काढून आलटूनपालटून जायचं असेल तर आधी नियम वाच, नावावर असलेलं तिकीट दुसऱ्याला चालतं का ते बघ. चालत असेल तर कुणी कुठल्या सामन्याला जायचं ते हंगामाआधीच कागदावर ठरवा. नाहीतर मोठ्या सामन्याच्या दिवशी दोघांनाही जायचं असतं आणि चांगली दोस्ती बिघडते.

आता जे सांगतो ते सगळ्यात जास्त मनावर घे. संघ हरायला लागला की गॅलरीत शिव्या सुरू होतात. आधी रेफ्रीला, मग समोरच्या समर्थकांना, शेवटी आपल्याच पोरांना. बाटल्या येतात, दगड येतात, सामना थांबतो, पोलीस पायऱ्या रिकाम्या करतात. आपल्या फुटबॉलला या हुल्लडबाजीनं जेवढं मागं ओढलं तेवढं कुठल्या हारीनं ओढलेलं नाही. इथला अनिकेत जाधव 2017 ला भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. तसा पुढचा पोरगा आज कदाचित वडिलांच्या शेजारी बसून सामना बघतोय, आणि आपण त्याच्या कानावर काय घालतोय? तुझा धाकटा आता सात वर्षांचा आहे, तू त्याला घेऊन जाणार. तुला हरताना गप्प बसता येतं का? खरं सांग. गेल्या हंगामात तुझा आवाज किती चढला होता ते तुझ्या शेजाऱ्याला विचार. येत नसेल तर या वर्षी तिकीट काढू नकोस, मोजके सामने बघ. येत असेल तर तूच तिथं बसायला हवास, कारण हरणाऱ्या वर्षी शांत माणसं घरी राहतात आणि पायऱ्या तापलेल्या डोक्यांच्या ताब्यात जातात. पोराला घेऊन जाशील तेव्हा बाहेर पडायच्या वाटेजवळ बस, कडेच्या घोळक्यापासून लांब. पहिली बाटली पडली की ऊठ, निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात येतोच.

नाही काढायचं ठरलं तर पायऱ्यांवर तुझ्या शेजारी बसणाऱ्या तिघांना आधी सांग. त्यांच्या वयाकडं बघ. त्यांतले एक आता पायऱ्या चढताना तुझ्या खांद्यावर हात ठेवतात, ते तुझ्या भरवशावर येतात. तू नसलास तर कुणी दुसरं त्यांना आणेल का, हे त्यांना हंगामाआधी कळायला हवं. आणि खरं सांगू, मी तुझ्या जागी असतो तर या एका कारणासाठी तिकीट काढलं असतं. संघ वर आला की नवी माणसं येतात, जागा बदलतात, ती चौकडी पुन्हा जमत नाही.

काढायचं ठरलं तर दुपारचं ऊन तोंडावर येणार नाही अशी बाजू माग. पैसे भरलेस की पावतीचा फोटो काढून ठेव, तिकिटावर नाव नीट लिहिलंय का ते खिडकीवरच तपास. आणि ज्या सामन्याला जमणार नसेल त्याचं तिकीट खिशात कुजवू नकोस, नियमात बसत असेल तर तालमीत सरावाला येणाऱ्या एखाद्या पोराला दे, आदल्या दिवशीच, म्हणजे त्याला घरी विचारायला वेळ मिळेल.