जे आधी होईल ते

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज आपल्याकडं फार पक्का आहे. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला पोर्चमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या अशा गाड्या घरोघरी दिसतात. मंडईला, लग्नकार्याला, फार तर मिरजेला दवाखान्यात, आणि पाहुणे आले की महाबळेश्वरला. माझ्या मामांची गाडी त्यातलीच. आठ वर्षांची, पण तीस हजार किलोमीटरसुद्धा न झालेली, दर वर्षी सर्व्हिसिंग करून आणलेली. पसरणी घाटात त्या गाडीचे ब्रेक गेले.

मे महिन्यातला रविवार होता. पाचगणी ते वाई हे अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतो. पुढं परतणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. मामा चालवत होते आणि त्यांचा पाय सारखा ब्रेकवर होता. अर्धा घाट उतरल्यावर ते म्हणाले, "पेडल मऊ लागतंय रे." पुढच्या वळणाला पेडल तळाला टेकलं, गाडी मात्र थांबेना. "मामा, दुसरा टाका. पेडल मारत राहा. आता पहिला." इंजिन ओरडायला लागलं, वेग पडला. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि मागच्या चाकाला दगड लावला.

यापुढचं नीट लक्षात ठेवावं असं आहे. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट झालं. "झालं की बरं, हळूहळू जाऊ," असं मामा म्हणाले आणि मामीही उठून गाडीकडं निघाल्या. मी किल्ली काढून घेतली आणि वाईहून मेकॅनिक बोलावला. त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत कोऱ्या चहासारखं काळपट काहीतरी होतं. "दादा, हे कंपनीतनं भरून आलेलंच हाय. कुणी बदललंच नाही."

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी पळो अगर उभी राहो, रबरी नळ्यांमधून आणि डबीच्या वाटेनं तो आत येतच राहतो. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची तीच २३० वरून १५५ वर. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळतं, नळीत वाफ धरते. द्रव दाबला की जोर चाकापर्यंत जातो, वाफ मात्र नुसती आकसते आणि पेडल खाली जातं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि सगळं ठीक वाटतं. ठीक काहीच झालेलं नसतं, पुढच्या उताराला तेच होणार असतं.

मग दर वर्षीच्या सर्व्हिसिंगमध्ये काय होत होतं? बिलं काढून पाहिली, तर ब्रेक ऑइलपुढं प्रत्येक वेळी 'तपासले' असं लिहिलेलं. म्हणजे डबीतली पातळी बघितलेली. पातळी आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण काढून, नळ्यांतली हवा काढत नवं भरावं लागतं. खर्च एका टाकीभर पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी. आणखी एक, पातळी उतरलेली दिसली की वरून ओतू नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड बघायला सांगा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लोक अजून भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राखायला ते जळत राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर आणखी वाईट, कारण दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. चढाला जो गिअर लागला, त्याच गिअरनं उतरा.

गाडीच्या पुस्तकात देखभालीच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. आपण त्यातले किलोमीटर तेवढे वाचतो. घर ते मंडई एवढ्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापतच नाही, आतला ओलावा उडून जात नाही, आणि इंजिन ऑइल न पळताही खराब होतं. वर्ष झालं की ते बदलायचं. कूलंटचंही तसंच, त्यातली गंज रोखणारी द्रव्यं काळानं संपतात. तिथं बोअरचं पाणी ओतत राहिलं तर रेडिएटरमध्ये क्षार धरतात. टायरच्या कडेवर डॉटपुढं शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर खाचा खोल असल्या तरी काढून टाकावेत. मामांची स्टेपनी नवीकोरी दिसत होती, पण ती गाडीएवढीच जुनी होती.

सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, बॅटरीची तार काढा आणि गाडी ओढून न्या. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. 'कमी चाललेली, घरगुती वापराची' म्हणून जुनी गाडी दाखवली, तर सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून बघा. पुराच्या गाळाची रेघ तिथं राहून जाते.