मुंगी, मावा आणि मनुष्य

आहारविचारात एक शंका वारंवार पुढे येते. ती अशी की, मुंगीसारखा क्षुद्र जीवही अन्य जीवांचे कळप पाळतो व प्रसंगी ते खातो. मग मनुष्याने पशू पाळून खाल्ला तर दोष कोणता?

शंकेतील वस्तुस्थिती खोटी नाही. कपाशीच्या पानामागे मावा बसला की तेथे मुंग्यांची रांग लागते, हे शेतकरी वासनिक नित्य पाहतात. माव्याने शोषलेल्या रसात साखर पुष्कळ, पण देहवाढीस लागणारे नत्रयुक्त द्रव्य थोडे. म्हणून त्यास रस फार प्यावा लागतो आणि जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंगी शृंगिकांनी त्यास हळूच थोपटून तो थेंब घेते; मोबदल्यात माव्यावर टपलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावते. मुंग्या माव्याची अंडी हिवाळाभर वारुळात राखतात व वसंतात पिले रोपांवर नेऊन ठेवतात, असे इंग्लंडमधील जॉन लबक यांनी १८८२ च्या ग्रंथात नोंदविले आहे. परंतु दुसरीकडे गोड रस मिळू लागला की काही जातींच्या मुंग्या हाच राखलेला मावा मारून खातात.

समाधान असे : मुंगी हे उपजत प्रेरणेने करते. थांबावे की न थांबावे हा विचार तिच्या ठायी नाही. तो मनुष्यदेहास आहे. शिवाय, काही मुंग्या परक्या वारुळातील कोष पळवून आणून त्यांतून निघणाऱ्यांकडून दास्य करवितात. तो दाखला मात्र कोणी पुढे करीत नाही! सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आलेला ससा पारध्यांनी मागितला, तो स्वामींनी दिला नाही, ही लीळा सर्वश्रुत आहे. आश्रित जीव मारावयास द्यावयाचा नाही, हा तिचा अर्थ.

तथापि एवढ्याने शाकाहारी गृहस्थाने निश्चिंत होऊ नये. मुंगी घेते तो थेंब माव्याने टाकून दिलेला असतो; दूध हा तर वासराचा वाटा. आणि गाय भाकड झाली की तिचा दोर बाजारात परक्या हाती देणारे घर मांसाचा घास घेत नसले, तरी ती पुढे कोठे जाणार हे त्यास ठाऊक असते. दुष्काळी वर्षी विकतच्या कडब्यावर भाकड जनावर पोसणे कठीण, हेही खरेच. म्हणून शेवटपर्यंत पोसवतील तेवढीच जनावरे दावणीस बांधावीत. आणि हा हिशेब गाय आणतानाच करावा, ती आटल्यावर नव्हे.