आधी दोरी, मग दुपटी

घरात बाळ येणार म्हटलं की तीन याद्या आपोआप हजर होतात: एक दुकानदाराची, एक इन्स्टाग्रामवरची आणि एक मुलीच्या मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली. बाळाला काय काय लागतं ते तिन्हींत असतं. बाळ कुठल्या महिन्यात, कितव्या मजल्यावर आणि किती माणसांच्या घरात येणार, हे मात्र एकाही यादीला ठाऊक नसतं. मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे कोथरूडला झालं, ऐन आषाढात. सुनेचं न्यू जर्सीला, जानेवारीत. दोन्हीकडे खरेदीची पिशवी माझ्याच खांद्यावर होती. त्यातून जे कळलं ते सांगते. पटेल तेवढं घ्या.

१. आधी कॅलेंडर बघा, मग दुकान

पुण्यात आषाढात कपडे वाळत नाहीत, वाळल्यासारखे दिसतात. सकाळी टाकलेला लंगोट संध्याकाळी हाताला कोरडा लागतो. तो गालाला लावून बघावा. गालाला गार लागला तर अजून ओला आहे, आणि तोच बाळाच्या अंगाला लागला की दुसऱ्या दिवशी मांड्यांत लाल पुरळ. म्हणून आमच्याकडची पहिली खरेदी झबल्यांची नव्हतीच. छताला टांगायचं, दोरीने वर-खाली होणारं वाळणीचं स्टँड घेतलं, आतल्या खोलीत पंख्याच्या वाऱ्यात येईल असं लावून घेतलं आणि इस्त्री दुरुस्त करून आणली. ओलसर दुपट्यावर इस्त्री फिरवली की जी वाफ निघते, ती निघेनाशी झाली म्हणजे दुपटं तयार.

न्यू जर्सीत तळघरात ड्रायर होता. तासाभरात कपडे गरमागरम बाहेर. तिथे सगळं निम्म्या संख्येत भागलं, पण बाहेर बर्फ. त्यामुळे पायमोजे, टोप्या आणि अंगभर बंद होणारे जाड कपडे जास्त लागले. सुनेच्या आईने प्रेमाने पाठवलेली नाजूक कुंची मात्र फोटोपुरती बाहेर निघाली.

तेव्हा बाळाचा महिना धरा आणि घरात कपडे कुठे वाळणार ते ठरवा. दुपटी किती घ्यायची याचं उत्तर त्यातच आहे.

२. लंगोटांचा हिशेब

तान्हं बाळ पहिल्या दिवशी एक-दोनदाच शू करतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून, दूध नीट मिळायला लागलं की, दिवसाला सहा वेळा तरी होतेच. शी वेगळी, आणि अंगावर पिणारं बाळ प्रत्येक पिण्यानंतरही करू शकतं. म्हणजे दिवसाला बारा-पंधरा लंगोट धरा. कपडे एका दिवसात वाळत असतील तर दोन-अडीच डझन पुरतात. पावसाळ्यात साडेतीन डझनांच्या खाली जाऊ नका.

डायपर घ्यायला हरकत नाही. रात्री आईला सलग तीन तास झोप मिळणार असेल तर तत्त्व बाजूला ठेवावं. पण सगळ्यांत लहान मापाचं भलंमोठं खोकं सवलतीत मिळतंय म्हणून उचलू नका, एक लहान पाकीट पुरे. आपल्याकडची बहुतेक बाळं जन्मतः पावणेतीन-तीन किलोची असतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, आणि मग ते असं चढतं की माप बदलायला वेळ लागत नाही. वापरलेलं डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून द्यायचं. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताई कित्येक वर्षांपासून हे सांगत आल्या आहेत. लाल स्केचपेन यादीत लिहा, चेष्टा करत नाही.

३. ‘आधी काही आणायचं नसतं’

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे विहीणबाईंचा फोन आला. मुलगी चिडली, मी चिडले नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमधली १२९ वर्षाच्या आत जात होती. आज हा आकडा पंचविशीच्या आसपास आला आहे. पण ज्या बायकांनी भरलेला पाळणा रिकामा झालेला पाहिला, त्यांनी ती भीती रीत म्हणून पुढे दिली. तिच्याशी वाद घालण्यात काय अर्थ?

वाट असतेच. घरातलं जुनं कापड ही खरेदी नव्हे, हे विहीणबाईंनाही मान्य होतं. माझ्या सासऱ्यांची धोतरं आणि आईचं विरलेलं सुती नऊवारी काढलं, उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि फाडून दुपटी-लंगोट केले. इतकं मऊ कापड दुकानात पैसे मोजूनही मिळत नाही. नव्या कापडाला खळ असते, ते दोनदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नये. नव्या वस्तू नुसत्या बघून, माप आणि किंमत लिहून ठेवल्या. बाळ झालं त्या संध्याकाळी जावई तुळशीबागेत गेले आणि तासाभरात तयार बाळंतविडा घेऊन आले. हल्ली तर दहा मिनिटांत दारात आणून देणारेही आहेत.

४. आईची यादी वेगळ्या कागदावर

सगळे बाळासाठी घेतात. बाळाला पहिला महिनाभर दूध, ऊब आणि कोरडं कापड यापलीकडे फारसं काही लागत नाही. लागतं ते आईला.

सिझेरियन झालं तर परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते. कुणी आधी सांगत नाही. सैल, पुढून बटणांचे सुती गाऊन चार-पाच घ्या, परकर विसरा. रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो. मोठे पॅड भरपूर आणून ठेवा, नवऱ्याला कुठला आणायचा ते दाखवून ठेवा. दूध पाजायला हात असलेली, सरळ पाठीची खुर्ची हवी आणि पायाखाली पाट. सोफ्यात रुतून दिवसातून दहा वेळा पाजलं की पाठ बोलायला लागते. खुर्चीशेजारी एका हाताने उघडता येईल अशी पाण्याची बाटली. पाजायला बसलं की जी तहान लागते ती बाईलाच कळते.

तामिळनाडू सरकारने २०१५मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना सोळा वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली. त्यात बाळाचा टॉवेल, कपडे, गादी, मच्छरदाणी, नेलकटर, खुळखुळा हे आलंच, पण आईसाठी साबण, हात धुण्याचं द्रावण आणि सुंठीचा लेहही होता. ती यादी कुणीतरी बाळंतिणीला विचारून केली असावी असं मला वाटतं.

डिंक, अळीव, खारीक, सुंठ हे आठव्या महिन्यातच निवडून डब्यात भरा. लाडू मात्र बाळंतपणानंतर वळा. खवट झालेलं खोबरं वाया जातं आणि भांडणं होतात.

५. बाटली ‘असू दे घरात’ म्हणून आणू नका

घरात असली की तिसऱ्या रात्री, बाळ रडतंय आणि दूध अजून नीट उतरलेलं नाही अशा वेळी, कुणीतरी ती काढतंच. नेमकं तेव्हाच बाळाला सारखं अंगाला लावायचं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरही सांगतात. आपल्याकडे दुधाच्या पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती उगाच नाही. खरीच गरज पडली तर डॉक्टर सांगतील, आणि तेव्हाही काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं. पंपाचंही तेच. सुनेला नोकरीवर परतायचं होतं, तिला लागला. मुलीला लागला नाही.

६. पाळणा उसना, उशी नाही

बारशापुरता पाळणा भाड्याने मिळतो. आमचा शेजारच्या काकूंकडून आला, फुलं लावून मिरवला आणि परत गेला. बाळ झोपलं ते सपाट, घट्ट गादीवर, आईच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर. उताणं झोपवायचं, जवळ उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवण्याची आपली रीत मोठी जुनी आहे. माझ्याही मुलांना होती. आता बालरोगतज्ज्ञ ती नको म्हणतात, कारण मान दुमडून किंवा नाक दबून बाळाचा श्वास अडकू शकतो. चारी बाजूंनी लोड लावलेला जो ‘बेडिंग सेट’ मिळतो, तोही त्याच कारणाने नको. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी तेवढी घ्या. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूची साथ काही नवी नाही.

७. गाडीतली सीट

न्यू जर्सीत गाडीत सीट बसवलेली असल्याशिवाय आम्हाला बाळ घरी नेऊ देत नव्हते. नर्स खाली पार्किंगपर्यंत आली. दोन वर्षांखालच्या आणि ठरावीक वजनाहून हलक्या मुलाला मागे तोंड करूनच बसवायचं, असा तिथे २०१५पासून कायदा आहे. कोथरूडला मात्र नात माझ्या मांडीवर घरी आली, कारण कुणी विचारलंच नाही. खरं तर आपल्याकडेही २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. स्वतःची गाडी असेल तर पैसे इथे घाला, बाबागाडीत नको. आमच्या गल्लीच्या फुटपाथवर मोठ्या माणसाला सरळ चालता येत नाही, तिथे बाबागाडी कुठे ढकलणार? सीट जुनी घ्यायची तर माहितीतल्या माणसाकडूनच घ्या. तिचा अपघात झालेला नाही आणि मुदत संपलेली नाही, याची खात्री करून.

८. औषधांचा कप्पा रिकामाच बरा

डिजिटल थर्मामीटर आणि लहान नेलकटर, बस. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी काही करत बसायचं नसतं, थेट डॉक्टर. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतात. काजळ, पावडर, ग्राइप वॉटर, नाळेला लावायची हळद: एकही नको.

९. तेलाआधी बाई

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या चांगल्या बाई आधीच बांधलेल्या असतात. सातव्या महिन्यात शब्द टाका. त्या येतील तेव्हा त्यांची यादी घेऊन येतील. तेल कुठलं, पीठ कुठलं यावर त्यांचं मत पक्कं असतं आणि तुमच्या महागड्या बाटलीकडे त्या बघतही नाहीत. म्हणून तेल आधी आणू नका. आमच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या: नाकाकानात तेल घालायचं नाही आणि धुरी द्यायची नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बाळंतीण आहे. पण ऐकलं.

१०. कुणी विचारलं तर नीट सांगा

‘काय आणू?’ असं आत्या विचारते, मामी विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आणि आपण ‘अगं कशाला?’ म्हणतो. मग बारशाला सगळे तीन महिन्यांच्या मापाचे कपडे घेऊन येतात. त्याऐवजी माप सांगा, तेही मोसम मोजून: आषाढातलं बाळ डिसेंबरात पाच-सहा महिन्यांचं असणार, तेव्हा स्वेटर त्या मापाचा. कुणाला पाकीटच द्यायचं असेल तर घ्या. खासगी दवाखान्यातल्या लसींचा खर्च कमी नसतो. आणि किमतीची चिठ्ठी कुणी काढली तरी दुकानाची चिठ्ठी ठेवायला सांगा. बारशातली निम्मी झबली आम्ही लक्ष्मी रोडवर जाऊन मोठ्या मापात बदलून आणली. दुकानदाराने एक शब्द विचारला नाही, फक्त एका टोपड्यावर दुधाचा डाग होता तेवढं परत दिलं.