मोटारीचा विमा : स्वस्त कोणता, अपुरा कोणता?

व्यापारी बांधवांनो, कापड घेताना आपण सूत, पन्हा आणि ताग्याची लांबी वेगवेगळी तपासतो. मोटारीच्या विम्यात मात्र फक्त एकूण रक्कम पाहतो. तेथेही भाग वेगळे करून पाहावेत.

पहिला भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते. तेथे घासाघीस नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. यात कंपनीगणिक दर बदलतो, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारावे.

या दुसऱ्या भागावर 'नो क्लेम बोनस' मिळतो. एक वर्ष दावा न केल्यास २० टक्के, सलग पाच वर्षे न केल्यास ५० टक्के सूट. गाडी विकली तरी हा बोनस मालकाकडेच राहतो. मात्र पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले की जातो. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

गाडीची किंमत कमी लिहूनही हप्ता उतरतो. पण गाडी चोरीस गेली तर भरपाईही त्याच किमतीवर मिळते.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत मालाचे नमुने व स्वतःचे सामान नेण्याची मुभा असते, विक्रीच्या गाठी नेण्याची नसते. गाठी नेताना अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. नेहमी माल नेत असाल तर मालवाहू गाडीचीच पॉलिसी घ्या. आतल्या मालाचा विमा वेगळा उतरवावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.