कापणी-मळणीच्या यंत्राची निगा



गहूं पिकून उभा असावा, पश्चिमेस अवकाळी ढग दिसूं लागावे, आणि नेमक्या त्याच घटकेस हार्वेस्टरचा पट्टा तुटावा, ह्याहून मोठा घोर शेतकऱ्यास कोणता? ढग आपल्या हातीं नाहींत. पट्टा मात्र आहे. ह्यास्तव ह्या यंत्राची रोजची निगा कशी राखावी, हें आज पाहूं.

कापणें, मळणें व उफणणें हीं तिन्ही कामें एकाच यंत्रानें करण्याचें पेटंट अमेरिकेंत इ. स. १८३६ सालीं हायरम मूर व जॉन हॅस्कल ह्यांस मिळालें. आजच्या हार्वेस्टरचेंही काम तेंच आहे. पुढील पातीं पीक कापितात, ड्रम व त्याखालील जाळी दाणा सोडवितात, आणि पंखा व चाळण्या भुसा वेगळा करितात.

१. जिवाची काळजी. यंत्रास हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करावें व किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. इंजिन थांबलें तरी ड्रम कांहीं वेळ फिरत राहतो; तो पूर्ण थांबेपर्यंत झांकण उघडूं नये. पात्यांचा भाग वर उचलून खालीं जावयाचें असल्यास त्यास आधीं भक्कम टेकण द्यावें. अडकलेलें पीक चालत्या यंत्रांतून हातानें ओढूं नये. क्षणाच्या घाईनें गेलेला हात परत येत नाहीं.

२. सकाळचें काम. इंजिन थंड असतांना तेल व रेडिएटरमधील पाणी पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. उकळतें पाणी अंगावर उडतें. ग्रीस भरण्यापूर्वीं त्याचें तोंड फडक्यानें पुसावें. नाहीं तर ग्रीसबरोबर धूळही बेअरिंगांत जाते. पट्टा चिरला आहे काय, साखळी सैल झाली आहे काय, हें पाहावें. बोथट किंवा तुटलेलें पातें पीक कापीत नाहीं, ओढतें. म्हणून तें तत्काळ बदलावें.

३. आगीचें भय. इंजिन, सायलेन्सर व बेअरिंगें ह्यांभोवतीं सांचलेला कोरडा भुसा ठिणगीस सहज बळी पडतो, आणि मग यंत्राबरोबर उभें शेतही जळतें. ह्यास्तव हा भुसा दिवसांतून अनेक वेळां झाडावा. रेडिएटरची जाळी व हवेची गाळणीही स्वच्छ ठेवावी. आग विझविण्याचें नळकांडें व पाणी जवळ असूं द्यावें.

४. दाण्याची परीक्षा. दाणे फुटत असतील तर ड्रमचा वेग अधिक आहे, किंवा ड्रम व जाळी ह्यांमधील अंतर कमी आहे. कणसांत दाणे राहत असतील तर ह्याच्या उलट समजावें. भुशाबरोबर चांगला दाणा उडत असल्यास पंख्याचा वारा कमी करून पाहावा. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे गुण कशानें आला तें कळतें.

यंत्र भाड्याचें असलें तरी ही परीक्षा आपणांस करितां येते. कापणी झालेल्या जागीं एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट आखून पडलेले दाणे मोजा. गव्हाच्या १,००० दाण्यांचें वजन अदमासें ४० ग्रॅम धरिलें, तर चौकटींत १०० दाणे म्हणजे एकरीं सुमारें १६ किलो गहूं मातींत गेला. असें आढळल्यास चालकास थांबवून नम्रपणें दाखवावें. संकोच करूं नये.

५. हंगामानंतर. यंत्रांतील दाणा व भुसा पूर्ण काढावा, कारण त्याच्या वासानें उंदीर येतात व तारा कुरतडतात. पट्टे सैल करावे, पात्यांस तेल लावावें, बॅटरीच्या तारा सोडाव्या व यंत्र छपराखालीं ठेवावें. झिजलेल्या भागांची यादी त्याच दिवशीं लिहावी. पुढील हंगामापर्यंत तिची आठवण राहत नाहीं.

रोजचा अर्धा तास हा वायां गेलेला वेळ नव्हे. ज्या दिवशीं ढग येतील, त्या दिवशीं तो आपणांस परत मिळेल.

उजळणीचे प्रश्न
१. इंजिन बंद केल्याबरोबर झांकण कां उघडूं नये?
२. दाणे फुटूं लागल्यास काय तपासावें?
३. आपल्या शेतांतील एका चौकटींत किती दाणे पडले?