जुन्या पिक-अप गाडीची पुढील चाके का ओढत नाहीत?

मृगाचा पाऊस पडून काळी जमीन भिजली, म्हणजे खत व बियाणे शेतापर्यंत पोहोचविण्यास, आणि प्रसंगी आजारी माणसाला पक्क्या सडकेपर्यंत नेण्यास, चारही चाकांनी ओढणारी गाडीच उपयोगी पडते. नेमक्या अशा वेळी लिव्हर टाकूनही पुढील चाके ओढत नाहीत, अथवा लिव्हर जागची हलतच नाही, अशी तक्रार जुन्या जीप व पिक-अप गाड्यांबाबत ऐकू येते. ट्रान्सफर केस उघडण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी दोष कोठे आहे हे बहुधा घरच्या घरी ठरविता येते.

ट्रान्सफर केसमधून मागील व पुढील आसांकडे एकेक प्रोपेलर शाफ्ट जातो. मागील शाफ्ट नेहमीच्या चालीत जोडलेला असतो; पुढील शाफ्ट लिव्हरने जोडावा लागतो. पुष्कळ गाड्यांत याखेरीज पुढील चाकांच्या तोंडाशी हाताने फिरवावयाचे लॉकिंग हब असतात. ते मोकळे असतील, तर शाफ्ट फिरूनही चाकास जोर मिळत नाही. एकच हब निसटला तरी दोन्ही चाकांचा जोर जातो, कारण साधे डिफरन्शिअल सारे फिरणे मोकळ्या बाजूस देते. म्हणून लिव्हर पडली एवढ्यावर चालकाने विसंबू नये.

परीक्षा अशी करावी. दोन्ही हब लॉक करून लिव्हर चार चाकांच्या ‘हाय’ स्थितीत टाकावी व गाडी सरळ दोन-चार हात नेऊन सपाट, कठीण जागी उभी करावी. इंजिन बंद करून मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक ओढावा, मागील चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. पुढील आस जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. आता पुढील शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. किंचित हिसका खाऊन तो अडला तर ट्रान्सफर केसची जोडणी झाली आहे. सहज फिरत राहिला तर झालेली नाही. शाफ्ट अडत असेल, तर एक चाक फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले म्हणजे सर्व ठीक. ते स्तब्ध राहिले, तर एखादा हब धरत नाही किंवा, क्वचित, आतील दांडा तुटला आहे.

हबचा दोष बहुधा जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसचा व आत शिरलेल्या चिखलपाण्याचा असतो. झाकण उघडून भाग रॉकेलने धुवावेत, पूर्ण वाळवावेत व ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस ठासून भरण्याची खोड अनेकांना असते. त्यानेच हब पुन्हा अडकतो. फिरविताना पक्कड वापरू नये. हब अडला तर गाडी थोडी पुढे-मागे करावी. काही नंतरच्या गाड्यांत ही जोडणी व्हॅक्यूमने होते. तेथे प्रथम तडकलेली रबरी नळी शोधावी.

शाफ्टच जोडला जात नसेल, तर आधी लिव्हरखाली पाहावे. वाळलेला चिखल, जाड पायपुसणे, गंजलेला सांधा किंवा झिजलेला बुश यांमुळे लिव्हर पूर्ण टप्पा घेत नाही, आणि अर्धवट जोडलेले दात ओझे येताच सुटतात. सांधे साफ करून तेल दिल्यावरही लिव्हर उडत असेल, तर आतील गोळी-स्प्रिंग किंवा दात झिजले असावेत. ते काम मिस्त्रीचे आहे.

लिव्हर चार चाकांतून निघत नसेल, तर हातोडा मारू नये. वळणावर पुढील चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. कोरड्या डांबरावर चाके घसरत नाहीत, त्यामुळे शाफ्टांत पीळ साचतो आणि दात एकमेकांवर आवळले जातात. गाडी सरळ काही हात मागे घेतली, की पीळ उतरून लिव्हर सुटते. पुढेमागे निरनिराळ्या मापाचे अथवा कमी-अधिक झिजलेले टायर असतील, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ भरतो. तेव्हा स्टेपनी चढविताना माप पाहावे.

ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी गेली असेल, तर ट्रान्सफर केसचे व पुढील आसाचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून सर्व तेल काढावे, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच नवे तेल भरणीच्या भोकाच्या काठापर्यंत भरावे.