जुना लॅपटॉप

तुमच्या घरी भाईजानचा किंवा आपाचा एखादा जुना लॅपटॉप असेल. बटण दाबून चहा पिऊन यावे, तरी तो सुरू झालेला नसतो. मग घरातले म्हणतात, "द्या आता भंगारात!" पण घाई करू नका.

मी वसई तालुक्यातील नंदाखाल गावी राहतो. माझा लॅपटॉपही असाच रेंगाळत होता. दुकानदार म्हणाला, "मास्तर, नवीनच घ्या." नव्या लॅपटॉपची किंमत ऐकून मी मुकाट्याने घरी आलो.

लॅपटॉप कशामुळे अडतो, हे आधी शोधावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी, म्हणजे रॅम, किती भरली आहे आणि डिस्क किती गुंतली आहे, ते दिसते.

या दोन्हींतला फरक समजण्यासाठी अम्मीचे स्वयंपाकघर आठवा. फळीवर डबे असतात. काम ओट्यावर होते. डिस्क म्हणजे फळी आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला, की एक डबा ठेवून दुसरा काढावा लागतो आणि वेळ जातो. म्हणून ४ जीबीची रॅम ८ जीबी केली, की बराच फरक पडतो. मात्र डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. काही लॅपटॉपमध्ये रॅम पक्की जोडलेलीच असते. तिथे काही करता येत नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये डिस्क १०० टक्के गुंतलेली दिसे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० वेळा. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती कितीतरी वेगवान असते. माझी डिस्क तर कटकट आवाजही करत होती. तरी मी आज-उद्या करत राहिलो. एके दिवशी ती कायमची बंद पडली. अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो तिच्यातच होते. ते परत मिळाले नाहीत. तुम्ही तरी कोणताही भाग बदलण्याआधी सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या.

मग मी विरारहून लोकलने ग्रँट रोडला गेलो. तिथला लॅमिंग्टन रोड संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. एसएसडी आणि रॅम घेतली. घरी बॅटरी काढून, पंख्यातली धूळ ब्रशने झाडून दोन्ही बसवली.

विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ माझ्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. म्हणून मी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात.

आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. बॅटरी मात्र जुनीच आहे. गावात वीज गेली, की तोही जातो.